साडभाऊचा रूळ

भैयालाल फुंडे हा वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढची हकीकत ऐकून कोणाचाही तसा समज व्हायचा. दारूला शिवायचा नाही, बायकोवर हात उगारायचा नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला दुखणं म्हणाल तर एकच होतं, आणि ते दुखणं दोन पायांवर चालत असे. त्याचं नाव हिरालाल हुकरे. नात्यानं साडभाऊ. भैयालालची बायको नलू आणि हिरालालची बायको कांता या सख्ख्या बहिणी, आमगावच्या गुलाबराव शेतकऱ्याच्या दोनच मुली.

दोन जावई म्हटले की थोडीफार चुरस आलीच. पण भैयालालच्या बाबतीत सुरुवातीला चुरशीला जागाच नव्हती. तो मोठा जावई, आणि वर रेल्वेत पक्क्या नोकरीला. दुर्ग आणि भिलाईच्या मधल्या तुकड्यावर तो चाबीवाला होता. रूळ आणि त्याखालचे लाकडी सिलीपाट यांना एकमेकांशी घट्ट धरून ठेवणारी लोखंडी पाचर असते, तिला चाबी म्हणतात. गाड्यांच्या हादऱ्यानं ती सुटत जाते. रोज सकाळी खांद्यावर हातोडी, पाठीवर झोळी आणि झोळीत लाल-हिरव्या झेंड्या घेऊन आपला तुकडा पायी तुडवायचा, ढिली चाबी ठोकायची, रुळावर हातोडी मारून आवाज ऐकायचा, हे त्याचं काम. रूळ बहुतेक विलायती होते, इंग्रजांच्या वेळचे. त्यांच्या अंगावर इंग्रजीत काहीबाही कोरलेलं होतं. ते भैयालालला वाचता येत नसे, पण कोणता रूळ कसा बोलतो हे त्याला घरच्या गाईंच्या हंबरण्यासारखं पाठ होतं. त्याचा कान चुकत नाही, असं रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये सगळेच म्हणत.

सासरी तर त्याचा थाटच वेगळा. तो आला की पाय धुवायला गरम पाणी, बसायला घडी न मोडलेली सतरंजी, पंगतीत पहिला पाट. गुलाबराव धानाची रोवणी कधी करायची हेसुद्धा त्याला विचारत. भैयालालला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण तो आभाळाकडे बघून मान हलवायचा आणि सासरे खूश व्हायचे. चारचौघांत बसले की गुलाबराव छाती फुगवून सांगत, "आमच्या मोठ्या जवायानं झेंडी दाखवल्याबिगर मेल गाडी हालत नाई." हे काही खरं नव्हतं. भैयालालनं ते कधी दुरुस्तही केलं नाही.

हिरालाल आला तो पाच वर्षांनी. दीड एकर जमीन, काटकुळं अंग, आवाज इतका हळू की बोलला की खोकला हे कळू नये. त्याला बघून भैयालालच्या मनात दया दाटून आली. गरीब साडभाऊवर दया करण्यात काय मजा असते, ते ज्यांना साडभाऊ आहे त्यांनाच कळेल. 

आणि त्याच दयेपोटी त्यानं स्वतःच्या हातानं दुखणं घरात आणलं. भिलाईला कारखान्याचं काम सुरू झालं होतं. जिथं काल धानाच्या बांध्या होत्या तिथं आज ट्रकांची रांग. पंजाबी, मद्रासी, बंगाली, साऱ्या मुलखातली माणसं मुंग्यांसारखी लोटलेली, आणि त्यांच्यात उन्हानं लालबुंद झालेले रशियन. देशाचं लोखंड आता देशातच होणार, असं जो तो म्हणत होता. भैयालालनं आमगावला निरोप धाडला, "हिरालालले म्हना, ये. मातीकामावर लावून देतो." ओळखीच्या ठेकेदाराकडे त्याला लावूनही दिलं. हिरालाल कित्येक महिने गँगच्या क्वार्टरच्या ओसरीवर निजला, नलूच्या हातचं जेवला, आणि सकाळी भैयालालच्या आधी उठून विहिरीचं पाणी भरून ठेवत राहिला. भैयालालला वाटलं, हे असंच चालायचं.

तसं चाललं नाही. हिरालाल मातीकामातून खलाशांच्या टोळीत गेला. जड सामान दोराखंडानं वर चढवायचं काम. जीवघेणी उंची, पण हा काटकुळा माणूस माकडासारखा चढायचा. कोण एक रशियन कारागीर त्याच्यावर खूश झाला आणि त्याला सोबत घेऊन फिरू लागला. मग कारखान्यानंच त्याला कामावर घेतलं. प्रत्येक वेळी तो पेढे घेऊन आधी भैयालालकडे यायचा, पाया पडायचा आणि म्हणायचा, "भाऊ, तुमच्यामुळं झालं." हे तर अगदी खरं होतं, आणि म्हणूनच तो पेढा भैयालालच्या घशाखाली उतरत नसे.

पहिली भट्टी पेटली त्या दिवसाची गोष्ट घ्या. देशभरातून मोठमोठे पाहुणे आले होते, खुद्द राष्ट्रपती आले होते. पाहुण्यांची खास गाडी जायची म्हणून सगळ्या चाबीवाल्यांना रुळाच्या कडेला उभं केलेलं. भैयालाल हिरवी झेंडी हातात धरून सकाळपासून उभा. गाडी झर्रकन निघून गेली, खिडक्यांचे पडदे बंद. झालं! तरी त्यानं मनात हिशेब मांडून ठेवला की शिमग्याला सासरी गेल्यावर हे कसं सांगायचं. आणि सांगायला सुरुवातही केली, "मामाजी, पाहुन्याची गाडी मी पास केली..." इतक्यात कांता म्हणाली, "बाबा, हे तं तिथंच होते. यायनं लोखंड वाहताना पाहिलं." सगळ्या माना वळल्या हिरालालकडे. तो आपल्या त्या खोकल्यासारख्या आवाजात सांगत होता, की भट्टीचं तोंड फोडलं तेव्हा आधी ठिणग्या उडाल्या, मग पिवळंजर्द पाणी नालीतून धावत आलं, आणि ते पाणी नव्हतं, लोखंड होतं. रडत होती म्हणे माणसं. सासूबाई गयाबाई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. पाहुण्यांच्या गाडीचं काय झालं, ते कोणी विचारलं नाही. भैयालालनं पुरणपोळीला नावं ठेवली आणि अर्ध्या पंगतीतून उठला.

पुढं रूळ बनवायची मिल सुरू झाली आणि हिरालाल तिच्यात गेला. मिलमधून निघालेला रूळ थंड होताना जरा वाकतो. त्याला यंत्राखाली धरून सरळ करायचं, ते त्याचं काम. वर्षभरासाठी तात्पुरतं घेतलेलं, काम पसंत पडलं की पक्कं. आणि त्या भरवशावर कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहामध्ये क्वार्टर. विटांच्या भिंती, विजेचा दिवा, मागच्या अंगणात नळ.

नलू पहिल्यांदा गेली तेव्हा तिनं तो नळ सुरू केला, बंद केला, परत सुरू केला. मग ओंजळभर पाणी प्याली आणि हसली. भैयालालनंही घोटभर घेतलं.

"पान्याले चव नाई," तो म्हणाला.

"हिरीच्या पान्याले काय चव हाये?" नलू म्हणाली.

"माहीत नाई तं बोलू नोको."

आपल्या क्वार्टरसमोर परत येऊन त्यानं कंदिलाची काच पुसायला घेतली आणि ती त्याच्या हातून फुटली. त्याचा दोषही त्यानं मनातल्या मनात हिरालालच्याच खात्यावर टाकला.

पण कळस पुढेच होता. त्या उन्हाळ्याच्या तोंडावर भैयालालच्या तुकड्यातले जुने विलायती रूळ उखडून नवे टाकायचं ठरलं, आणि नवे रूळ आले ते भिलाईचे. गँगनं रुळावर कुंकू लावलं, नारळ फोडला. मेट, म्हणजे गँगचा मुकादम, हसत म्हणाला, "फुंडे, आता तुहा साडभाऊ रोज तुह्या हातोडीखाली." गँग खदखदून हसली. भैयालालही हसला, पण त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपले ते ओळखीचे रूळ, ज्यांचा एकेकाचा आवाज त्याला पाठ होता, ते मालगाडीच्या वाघिणीत टाकून नेले. आणि आता आयुष्यभर त्यानं हिरालालचे रूळ सांभाळायचे! देशाचं लोखंड झालं, फार चांगलं झालं, पण ते देशभर एवढी जागा सोडून नेमकं माझ्याच तुकड्यात यायचं होतं?

तेव्हापासून त्याची हातोडी जोरात पडू लागली. बायका बाजारात मडकं ठोकून घेतात तसा तो एकेक रूळ ठोकून कान लावायचा. कुठं तरी चीर असेल, कुठं तरी आवाज बद्द येईल. आला की साहेबांना सांगायचं, आणि साहेबांच्या आधी सासऱ्यांना. पण रूळ खणखणीत. भारी, भरलेला आवाज, जुन्यापेक्षा चांगला. रूळ होता की हिरालालचा स्वभाव, कुठं बोट ठेवायला जागा नाही!

अशात त्या वर्षी अधिक जेठ आला, एकसष्ट सालचा. धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला सासरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं, ही रीत. भैयालाल दिवस मोजतच होता. आमगावला जायचं, पहिल्या पाटावर बसायचं, आणि हिरालालला दुसऱ्या पाटावर बसलेलं बघायचं. पहिला पाट तर कुठला कारखाना घेऊन जाणार नव्हता.

एका संध्याकाळी कांता येऊन नलूजवळ बसली. "आईचा निरोप हाये," ती म्हणाली. "यंदा गावाकडच्या हिरीले पानी नाई. आई म्हनते, कांताकडे नळ हाये, दिवा हाये, आम्ही तिथंच येतो. तांदूळ, दाळ, गूळ सारं गावावरून आनतो, पोरीच्या घरचं नाई खानार. पन धोंडे तिथंच करू, दोन्ही जवायाले."

नलूला आनंद झाला. भैयालाल ओसरीवर बसून ऐकत होता. त्याच्या कानात कोणी शिसं ओतल्यासारखं झालं. सासू-सासरे भिलाईला येणार, जन्मात पहिल्यांदा, आणि उतरणार धाकट्याकडे! मोठ्या जावयानं धाकट्याच्या घरी पाहुणा म्हणून जायचं, आणि त्याच्याच नळाखाली पाय धुवून आपलं वाण घ्यायचं!

कांता गेल्यावर नलूनं विचारलं, "तुमाले कावून राग येऊन राहिला?"

"मले? मले कावून येईन राग?"

"मंग तोंड कावून असं?"

"तोंड जन्माचं हाये माहं."

धोंड्यांच्या आदल्या दिवशीच नलू बहिणीकडे पुरण घालायला निघून गेली. हिरालाल रजा काढून सासू-सासऱ्यांना आणायला आमगावला गेला. ते सकाळच्या पॅसेंजरनं येणार आणि भिलाईला उतरणार. भैयालालसाठी निरोप होता, ड्यूटी आटपली की जेवायला या.

त्या सकाळी ऊन लवकर तापलं. भैयालाल हातोडी घेऊन तुकड्यावर निघाला, पण त्याचं लक्ष कशातच नव्हतं. त्याच्या डोळ्यापुढं एकच चित्र. गाडी इथून जाईल. मामाजी खिडकीत बसलेले असतील. आणि हिरालाल खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणेल, "मामाजी, हे पाहा आमचे रूळ." आणि मामाजी रुळांकडे बघतील. रुळाच्या कडेला हातोडी घेऊन जो माणूस उभा असेल, त्याच्याकडे नाही.

तो थांबला आणि समोरच्या रुळावर त्यानं हातोडी हाणली. खणकन आवाज आला. परत हाणली. आता खरं सांगायचं तर आवाज रोजचाच होता, स्वच्छ, भरलेला. पण माणसाच्या मनानं एकदा एखादी गोष्ट ऐकायची ठरवली की कान बिचारा काय करणार? नाही, कानही चुकला नाही. भैयालालला पक्कं ठाऊक होतं की रूळ चांगला आहे. तरी त्याचा हात झोळीत गेला. त्यानं लाल झेंडी काढली, फटाके काढले. हे फटाके रुळावर बांधायचे असतात. इंजिन त्यावरून गेलं की बार उडतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. तो गाडी येणार त्या दिशेनं धावत सुटला. धावताना त्याला एकदाही वाटलं नाही की आपण काय करतोय. नंतर मात्र जन्मभर वाटलं.

धडाम, धडाम! इंजिनानं लांबलचक शिटी फुंकली, चाकं किंचाळली आणि अख्खी पॅसेंजर भैयालालच्या लाल झेंडीसमोर धापा टाकत उभी राहिली.

काय सांगावं तो क्षण कसा होता! एवढं मोठं धूड आणि त्याच्यासमोर झेंडी धरून एकटा भैयालाल फुंडे. खिडक्याखिडक्यांतून माना बाहेर. तिसऱ्या डब्यात पांढरी टोपी हलत होती आणि गुलाबरावांचा आवाज आला, "अरे, हे तं आमचे मोठे जवाई!" त्याच आवाजासाठी भैयालाल गेली कित्येक वर्षं झुरत होता.

ड्रायव्हर उतरला, मागून गार्ड आला. इन्स्पेक्टर साहेबांची ट्रॉली त्या दिवशी जवळच फिरत होती, तेही येऊन पोचले. बघ्यांची गर्दी झाली, आणि तिच्यात गुलाबराव आणि त्यांचा हात धरून हिरालाल.

"काय झालं, फुंडे?" साहेबांनी विचारलं.

"रुळाचा आवाज बद्द येऊन राहिला, साहेब," भैयालाल म्हणाला. आणि मागं सासऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं जोडलं, "भिलाईचा रूळ."

हिरालालनं सासऱ्यांचा हात सोडला, पुढं आला आणि खडीवर गुडघे टेकले. उन्हानं रूळ तापून लालबुंद व्हायचा तेवढा बाकी होता. त्यावर त्यानं तळहात ठेवला आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवत नेला. हात भाजत होता, पण त्यानं उचलला नाही. साहेबांनीही वाकून पाहिलं, आरसा धरून रुळाच्या पोटाखाली पाहिलं.

"मला तर काही दिसत नाही," साहेब म्हणाले. "पण फुंडे, तुझा कान मला माहीत आहे. शंका असलेला रूळ मी गाडीखाली ठेवायचा नाही. शंका आहे ना? काढून मिलकडे परत पाठवतो."

परत पाठवणं म्हणजे काय, हे तिथं दोघांनाच नीट कळत होतं. रूळ मिलमध्ये जाईल, कोणाच्या हाताखालून गेला याची चौकशी होईल. हिरालालची नोकरी अजून पक्की झाली नव्हती. एवढा डाग लागला की नोकरी गेली, नोकरीबरोबर क्वार्टर गेलं, आणि हिरालाल परत दीड एकरावर. भैयालालला मुद्दाम काही करायचीही गरज नव्हती. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं.

हिरालाल उठला. तळहात धोतराला पुसत म्हणाला, "काढा साहेब. मले काई दिसलं नाई, पन भाऊ म्हनते तं असनच." मग सासऱ्यांकडे वळला. "मामाजी, मी मिलमंदी रूळ सरळ करतो तवा रोज मनात म्हनतो, हा भाऊच्या हातोडीखालून जाईन काय? तिथं पास तं साऱ्या देशात पास. आज नापास झाला. माह्याच हातचा असन."

एवढं बोलून तो बाजूला झाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, कुरकुर नव्हती. तो खरोखरच असं मानत होता. भैयालालला एकाएकी वाटलं की आपल्याला कोणी भर गर्दीत उघडं केलंय. ज्या माणसाला खाली ओढायला त्यानं हा सगळा खटाटोप केला, त्यानंच त्याला सगळ्यांच्या वर बसवून ठेवलं होतं, आणि हे त्याला आज, गाडी थांबवल्यावर कळत होतं.

त्यानं हातोडी उचलली. त्यानं रुळावर एक घाव घातला. रूळ खणखणीत वाजला, अगदी ऐऱ्यागैऱ्या माणसालाही कळावं असा.

"रूळ चांगला हाये, साहेब," भैयालाल म्हणाला.

"म्हणजे? शंका आली म्हणून थांबवलीस, असंच ना?" साहेबांनी त्याला दार उघडून दिलं. शंकेवरून गाडी थांबवली तर चाबीवाल्याला कोणी बोल लावत नाही, उलट शाबासकी देतात. हो म्हटलं असतं तर तो सुटला असता. पण रूळ सुटला नसता. शंका म्हणजे शंका.

"नाई साहेब," भैयालाल म्हणाला, "शंका नोयती. रूळ चांगला हाये हे मले माहीत होतं. मी मुद्दाम थांबवली."

गर्दीत कुजबुज झाली. ड्रायव्हरनं एक कचकचीत शिवी हासडली. साहेबांनी हात पुढं केला. भैयालालनं हातोडी दिली, झोळी दिली, झेंड्या दिल्या. "उद्यापासून गँगमध्ये," साहेब म्हणाले. "तुझी आधीची वर्षं बघून एवढ्यावर सोडतोय. चाबी दुसऱ्याकडे." मोठ्या जावयाकडे न बघता गुलाबराव डब्याकडे चालू लागले. खिडकीतून गयाबाई विचारत होत्या, "जवाईबापूची तब्येत बरी नाई काय?" गाडी सुटली आणि त्या रुळावरून काही न होता निघून गेली.

भैयालाल जेवायला गेला नाही. कोणत्या तोंडानं जाणार? तो आपल्या क्वार्टरच्या ओसरीवर बसून राहिला. दुपार कलायला लागली तेव्हा सायकलवरून हिरालाल आला. उजव्या हाताला कांतानं फडकं बांधून दिलेलं.

"चला भाऊ. धोंडे थंडे होऊन राहिले."

"तुमी खाऊन घ्या."

"आई म्हनते, मोठे जवाई आल्याबिगर पान वाढत नाई. सारे उपाशी हायेत."

हिरालाल ओसरीच्या पायरीवर बसला आणि विचारलं, "खरं सांगा भाऊ, कावून थांबवली?"

खोटं बोलायची ताकद भैयालालमध्ये आता उरली नव्हती. "मामाजी तुह्या घरी जाऊन राहिले होते म्हनून," तो म्हणाला. "जळून राहिलो होतो. आजचं नाई, लय वर्षांचं."

हिरालाल एकदम हसायलाच लागला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"भाऊ, माह्या लग्नात तुमी रेल्वेचा निळा शर्ट घालून मांडवात आले. साऱ्या वऱ्हाडानं मले सोडून तुमच्याकडे पाहिलं. नवरदेव मी होतो ना, भाऊ! तवापासून मी जळून राहिलो. खलाशी झालो तं मामाजी म्हने, बरं हाये, पन रेल्वे ते रेल्वे. लोखंड वाहताना पाहून आलो, तं तुमी पंगतीतून उठल्यावर मामाजी साऱ्या गावाले सांगत फिरले, आमच्या जवायानं राष्ट्रपतीची गाडी पास केली. मी डोळ्यानं भट्टी पाहिली त्याचं काईच नाई! क्वार्टर भेटलं तं पहिला सवाल, भैयालालच्या घराजवळ हाये काय? आज पुरा रस्ता खिडकीत बसून विचारत होते, जवायाचा तुकडा कोनता, जवायाचा तुकडा कोनता. तुमाले काय वाटते, मी त्या उंचीवर चढलो ते कायच्यासाठी? भीती नोयती मले? रोज पाय लटलट कापे. पन खाली पाहिलं की तुमी दिसा, निळ्या शर्टात."

आयुष्यात इतकं गोड भैयालालच्या कानावर कधी काही पडलं नव्हतं. चाबी गेली होती, सासऱ्यांनी पाठ फिरवली होती, उद्यापासून गँगमध्ये टिकाव मारायचा होता, आणि तरी पोटातलं ते जुनं दुखणं कुठं तरी पार निवल्यासारखं झालं. त्याला लाजही वाटली, आणि लाजेच्या आत गुदगुल्याही झाल्या. दोन्ही एकदमच.

"पन भाऊ," हिरालाल डोळे पुसत म्हणाला, आणि आता तो थट्टा करत नव्हता, "आता तुमची चाबी गेली. आता मी कोनावर जळू?"

भैयालाल आत गेला, घडा कलता करून तोंडावर पाणी मारलं, निळा शर्ट अंगात चढवला आणि बाहेर येऊन सायकलच्या कॅरियरवर बसला.

"जळ," तो म्हणाला. "अजून मले मेट व्हाचं हाये."

हिरालालनं फडकं बांधलेल्या हातानं हँडल धरलं आणि पायडल मारलं. वाटेत एक चढ होता. त्या चढावर दोघांचं वजन ओढताना हिरालालला चांगलीच धाप लागली, आणि मागं बसलेल्या भैयालालला, खोटं कशाला बोला, जरा बरं वाटलं.